ओळखीचा टाका

मुलांच्या सरकारी दवाखान्याचं भांडार वहिनींच्या ताब्यात होतं. चादरी, टॉवेल, औषधांच्या पेट्या, सगळं त्यांच्या नजरेखालून जाई. 'वहिनी' ही खरी तर त्यांच्या नणंदेच्या तोंडची हाक; ती एकदा दवाखान्यात भेटायला आली आणि तेव्हापासून सगळ्यांनी तीच उचलली.

नणंद म्हणजे चिमणी. लग्न होऊन वहिनी त्या घरात आल्या तेव्हा ही आईवेगळी पोर फ्रॉकला नाक पुसत दारामागून बघायची. तिला त्यांनी जवळ घेतलं, सुई धरायला शिकवलं. आता चिमणीचं स्वतःचं शिवणघर होतं. मशीनं होती, हाताखाली दोघी बायका होत्या; काम मात्र बेताचंच.

दवाखान्याला आजारी मुलांसाठी अंगरखे हवे होते. चिमणीनेही निविदा भरली, आणि सुट्टीच्या दिवशी वहिनींच्या ओट्याला टेकून उभी राहिली.

"नमुने बघायला समितीत तू असणार ना गं?"

"असते दरवेळी."

"नमुन्यावर नाव नसतं, नुसता आकडा. पण माझा टाका तू डोळे मिटूनही ओळखशील. त्याच्याबद्दल जरा बरं बोल, एवढंच. खोटं कुठे बोलायचंय? चांगलाच शिवलाय मी."

वहिनींची विळी थांबली. खोटं नव्हतंच ते, हीच तर पंचाईत होती. आणि हे काम हुकलं तर चिमणीला एक मशीन विकावं लागणार, हेही त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे नेमाचा जप करताना बोटं माळेवर पुन्हा पुन्हा अडखळत राहिली.

कामावर पोचल्या त्या थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत.

"साहेब, अंगरख्यांच्या समितीत मला घेऊ नका. त्यात एक नमुना माझ्या नणंदेचा आहे. नाव झाकलंत तरी टाका मीच शिकवलाय."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "नणंदेचा? मग तर तुम्ही तिला नक्की पाडाल!"

"पाडीन तरी, नाहीतर चढवीन तरी. सरळ काही माझ्या हातून व्हायचं नाही."

डॉक्टर हसले, पण तसं लिहून घेतलं आणि त्यांच्या जागी दुसऱ्या बाईंना बसवलं.

चिमणीला कळलं तेव्हा ती फोनवर एवढंच म्हणाली, "परक्यांनीसुद्धा एवढं केलं असतं गं." मग कितीतरी दिवस ती भावाचा उंबरा चढली नाही. "माझी अडकित्त्यातली सुपारी झालीय," भाऊ कुरकुरायचा.

काम अखेर चिमणीलाच मिळालं, तरी अबोला सुटला नाही. माल आला तो तपासायलाही वहिनी गेल्या नाहीत. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी एक अंगरखा उचलून नाडी स्वतःच्या गळ्याशी घासून पाहिली. नमुन्यात मऊ होती, इथे टोचत होती. "नमुन्यासारखं करून आणा," म्हणत त्यांनी सगळे गठ्ठे परत पाठवले.

खिडकीतून वहिनींना ते गठ्ठे टेम्पोत चढताना दिसले. सिस्टर त्यांना मानायच्या. एक शब्द टाकला असता तर पुरे होतं. शब्द त्यांनी गिळला आणि संध्याकाळी परस्पर शिवणघर गाठलं.

चिमणी नाड्या उसवत होती. वर न बघता म्हणाली, "तपासायला आलीस?"

"तपासायची मला बंदी आहे. जेवलीस का, ते बघायला आले."

वहिनींनी मागची खोली गाठली, हाताला लागली ती भाजी चिरली, भात टाकला. दोघी बायकांना वाढलं. चिमणीचे हात मोकळे नव्हते, म्हणून तिला घास भरवला. दुसऱ्याच घासाला तिचे डोळे भरून आले.

"बाजारात मऊ नाडी संपली होती गं. मिळाली ती लावली. आज माझ्याच मानेला लावून पाहिली… टोचते खरी. आता मऊ मिळालीय, तीच लावतेय."

ताट बाजूला ठेवून वहिनी तिच्याजवळ टेकल्या आणि सवयीने त्यांचा हात ढिगाकडे गेला. एक अंगरखा मांडीवर घेतला, कात्री उचलली.

चिमणीने तो झटकन ओढून घेतला.

"ठेव खाली! उद्या कोणी म्हणेल, भावजयीने करून दिलं. तुझ्यावर बोट आलेलं मला चालायचं नाही."

"मग मी नुसती बसू?"

"खांदे चेप माझे. त्याला कुठे निविदा लागते?"

वहिनी हसत उठल्या, तिच्या मागे जाऊन बसल्या आणि अवघडलेले खांदे चेपू लागल्या. मशीन सुरू झालं.

"हळू गं वहिनी," चिमणी म्हणाली, "टीप तिरकी जाईल."