निळ्या बदकाची पाच पिल्लं

सासूबाईंना डोंगरावर नेलं ही माझीच हौस. पुण्याहून इथे परदेशात आलेल्या स्नेहलताबाई आमच्या हिल्सबरोच्या घरात खिडकीशी बसून कंटाळल्या होत्या. म्हटलं, चला माझ्याबरोबर. महिन्यातून एकदा पाच तास गाडी हाकत मी त्या पठारावर स्वयंसेवक म्हणून जाते. तिथे झाड नाही, दुकान नाही. नुसतं कमरेएवढं पिवळं गवत, पाय टाकला की पाणी सोडणारं शेवाळ आणि कान बधिर करणारा वारा. पायवाटेवर शेपटी हलवत पुढे पळणाऱ्या चरचरी पक्ष्याशी आई लगेच गप्पा मारू लागल्या.

ओढ्यात निळ्या बदकांची जोडी होती, मागे पाच पिल्लं. ही बदकं फक्त याच देशात सापडतात, तीही थोडीच उरलीत. त्यांना खातो तो स्टोट, बाहेरून आणलेला, मुंगसासारखा दिसणारा लबाड प्राणी. त्याच्यासाठी काठावर लाकडी पेट्यांत सापळे लावलेत, आमिषाला अंडं. त्यातल्या बारा पेट्या माझ्या जबाबदारीच्या.

तेवढ्यात एक स्टोट सर्रकन आडवा गेला. मी शिवी हासडली, आईंनी हात जोडले.

"विनिता, मुंगूस गं! शुभ असतं."

"आई, पेस्ट आहे तो, उपद्रवी प्राणी! ढीगभर पक्षी मारतो."

त्यांनी जोडलेले हात सोडले. मला वाटलं, पटलं.

पुढच्या महिन्यात गेलो, तर पिल्लू एकच. पेट्या बघते, तर चार पेट्यांची तोंडं दगडांनी नीट बुजवलेली.

"मीच," आई म्हणाल्या. "मागच्या वेळी तू पुढे गेली होतीस. म्हटलं, समोर शकुन होऊन आलेला जीव आपल्या हातून कशाला जावा?"

"आणि ही चार गेली ती?" मी ओरडले आणि लगेच जीभ चावली.

त्या ओढ्याशी जाऊन बसल्या. ते एकटं पिल्लू फेसात बुडत होतं, पुन्हा वर येत होतं, आईबापांमागे धडपडत होतं. आईंच्या पाठीवरून हात फिरवावा असं फार वाटलं. फिरवला नाही. राग अजून उतरला नव्हता.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या. एकेक दगड काढला. मग जन्मात अंड्याला बोट न लावलेल्या त्या बाईने माझ्या पिशवीतून एक अंडं उचललं.

"पाप दोन्हीकडून लागणारच," त्या म्हणाल्या. "मग ते ह्या पिल्लापायी लागू दे."

मी पेटीचं झाकण उघडून धरलं.