मागून हाक

माझा धाकटा भाऊ भोजण्णा वर्षातून एकदा सगळ्या घरादाराला होडीत घालून पुळणीवर नेतो, आणि पुढे वर्षभर ते ऐकवतो. आमचं घर नदीकाठी. समोर नदीचं मुख, पलीकडे समुद्र आणि मधे ओहोटीला उघडी पडणारी वाळूची पुळण. तिथे वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायच्या, तीन दगडांवर शिजवून खायच्या आणि भरती चढायच्या आत परत यायचं, एवढीच आमची सहल. यंदा भावजय जलजाक्षीचे दोन भाऊ बायकापोरांसकट आले होते, त्यामुळे होडीच्या दोन फेऱ्या करायच्या ठरल्या.

सकाळी पहिली फेरी निघाली आणि काठावरून निश्मिता ओरडली, "मामंजी, थांबा! माझी टोपी होडीत राहिली!"

निश्मिता म्हणजे भोजण्णाच्या थोरल्या मुलाची, प्रज्वलची बायको. बंगळूरची, लग्नाला सहा महिनेही झालेले नाहीत. भोजण्णाने मशीन बंद केलं. त्याचा चेहरा काळवंडला. होडी परत काठाला लागली, सगळे उतरले, भोजण्णाने नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, पाणी ओतलं, हात जोडले आणि मग पुन्हा पहिल्यापासून सगळे चढले.

"सूनबाई, घरात घसा फाटेपर्यंत ओरड," जलजा म्हणाली, "पण निघालेल्या होडीला मागून हाक मारायची नाही. होडीतल्या माणसांच्या जिवावर बेततं."

"म्हणजे कुणी बुडत असेल तरी नाही?"

"बुडणाऱ्याने हात हलवायचे," मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसले. लहानपणी मी एकदा बापाला अशी हाक मारली होती, तेव्हा आईने भर काठावर माझ्या थोबाडीत दिली होती. आमच्यात हे असं अंगात मुरलेलं असतं.

पुळणीवर नेहमीप्रमाणे तिसऱ्या मी काढल्या आणि फोटो इतरांचे निघाले. जलजाचा धाकटा भाऊ वाटीवर वाटी रस्सा ओरपत मला म्हणाला, "अक्का, तुझ्या हाताला काय चव आहे गं!"

"मेल्या, आज नुसती चव घे. उद्या येऊन पाठ मोडेपर्यंत वाळू उपस, म्हणजे कळेल ती कुठून येते."

दुपार कलली तसं पाणी फिरलं. भोजण्णा पाहुण्या बायकांना, पोरांना आणि जलजाला घेऊन पहिल्या फेरीत निघाला. जलजा म्हणाली, "अक्का, चल ना."

"तू हो पुढे. पातेलं घासते, उरलेल्या तिसऱ्या धुते आणि दुसऱ्या फेरीत येते."

भोजण्णा घराच्या काठाला उतरला आणि सकाळपासून तिथेच जाळ्याच्या कामाला राहिलेला प्रज्वल होडी घेऊन आम्हाला न्यायला निघाला. तोवर मी पातेलं उचलून पुळणीच्या दुसऱ्या टोकाला, उंचवट्यामागे गेले. दिवसभर पाण्यात वावरल्यावर बाईमाणसाला आडोसा लागतोच. तिथेच पातेलं घासलं, तिसऱ्या धुतल्या. मशीनचा आवाज ऐकला, पण घाई केली नाही. आपल्याला सोडून कोण जाणार?

उंचवटा चढून वर आले तर होडी पाण्यात होती. नाळ घराकडे वळलेली. प्रज्वल मशीनवर, निश्मिता आणि जलजाचे भाऊ पाठमोरे बसलेले. अंतर फार नव्हतं. मी तोंड उघडलं.

आणि मिटलं.

होडीत माझ्या भावाचा मुलगा होता, त्याची नवी बायको होती. मी पदर सोडून डोक्यावर गरगरा फिरवला, उड्या मारल्या, या वयात! एकानेही मागे वळून पाहिलं नाही. होडी पार लांब गेली तेव्हा लाजलज्जा सोडून मी किंचाळले, "प्रज्वला! अरे प्रज्वला!" पण तोवर मशीनपुढे माझा आवाज कुठला पोहोचायला!

तरी मला भीती वाटली नाही. पलीकडे उतरतील, अक्का नाही म्हणून ओरडा होईल, भोजण्णा प्रज्वलच्या कानाखाली वाजवेल आणि तसेच परत येतील, असा माझा हिशोब. मी पातेल्याशेजारी बसले आणि कुणाला काय बोलायचं ते जुळवत राहिले.

कुणीच आलं नाही. बसल्या जागी पाणी आलं म्हणून उभी राहिले. उंचवट्यावर गेले, तिथेही पावलं भिजली. मग पोटऱ्या, मग गुडघे. तेव्हा मात्र मी घाबरले. कोळ्याच्या घरची मी, पण पोहता येत नाही. आमच्यात पुरुषांनी पोहायचं आणि बायकांनी मासळी विकायची. पाणी कमरेला लागलं तशा मी दिवसभराच्या तिसऱ्या पाण्यात ओतून दिल्या, पातेलं उपडं करून छातीखाली घेतलं आणि पदर त्याच्या कडीला बांधला. रडले. रडता रडता एकेकाचं नाव घेऊन शिव्या दिल्या. भोजण्णाला तर आईवरून दिली, आणि त्याची आई ती माझीही आई, हेही त्या वेळी सुचलं नाही.

पायाखालची वाळू सरकायला लागली होती तेव्हा मशीनचा आवाज आला.

"अक्का! अक्काऽ!" भोजण्णा उभ्यानेच ओरडत होता. प्रज्वलने पाण्यात उडी घेतली, दोघांनी मला काखेत धरून वर ओढलं. निश्मिता मला मिठी मारून हमसून हमसून रडायला लागली. भोजण्णाचा आठ वर्षांचा धाकटा, चिन्नू, हट्टाने होडीत बसून आला होता, तो डोळे फाडून बघत होता.

"ओरडायचं नाही का गं?" भोजण्णाने पदराची गाठ सोडत विचारलं.

"निघालेल्या होडीला?"

प्रज्वल मान खाली घालून म्हणाला, "आत्या, मी विचारलं होतं धाकट्या मामाला. तो म्हणाला, गेली असेल बायकांबरोबर. आणि तिकडे आईला वाटलं, तू परस्पर बाजारात गेलीस तिसऱ्या विकायला."

मी मान हलवली. होतं असं, माणसांचा घोळ होतो, असं मी स्वतःला समजावतही होते.

"आम्ही केव्हाचे ओट्यावर बसलोय," चिन्नू म्हणाला. "दाराला कुलूप. मला भूक लागली. मग आईला आठवलं, किल्ली आत्याच्या कमरेला आहे. मग सगळे तुला शोधायला लागले."

भोजण्णाने त्याला धपाटा घातला. मी कमरेला हात लावला. किल्ली होती. थंडीने दात वाजत होते, ते एकदम थांबले.

"भोजा," मी विचारलं, "आणि दार उघडंच असतं तर?"

भोजण्णा समुद्राकडे बघायला लागला. प्रज्वलने उगाच मशीनची दोरी चाचपली. एरवी एका शब्दाला दहा शब्द देणारी माणसं ही.

निश्मिताने डोळे पुसले. तिला अजून आमच्यासारखं गप्प बसता येत नाही.

"रात्री कळलं असतं, आत्या," ती म्हणाली. "जेवायला बसल्यावर. वाढायला कुणी उठलं नसतं ना, तेव्हा."

आमच्याकडे ताटं दिवेलागणीनंतर मांडतात. त्या दिवशी तेव्हा पुळणीवर दोन पुरुष खोल पाणी होतं.