चादरीखालचं काम

मावशीला शूटिंगला बोलावलं ते निव्वळ मान म्हणून. एक खुर्ची, मधूनमधून चहा आणि कोणी विचारलं तर जुन्या आठवणी, एवढंच तिचं काम. दिग्दर्शिका तिची सख्खी भाची. शिवाय ज्या नाटकावरून हा सिनेमा निघत होता, त्यातली विधवा पहिल्यांदा रंगवली ती मावशीनंच.

त्या नाटकानं तेव्हा गावभर आग लावली होती. शेवटच्या अंकात नवऱ्याचं प्रेत मधोमध ठेवलेलं, भोवती सासरची माणसं, आणि ती बाई सगळ्यांसमोर उभी राहून म्हणते, "मला वाईट वाटत नाही. आज कितीतरी वर्षांनी मला शांत झोप लागेल." झालं, एवढंच. पण एवढ्या दोन वाक्यांवरून लोकांनी चपला फेकल्या, खुर्च्या मोडल्या, आणि वर्तमानपत्रांनी मावशीचं चारित्र्य धुवून वाळत घातलं. आता तेच नाटक कॉलेजात अभ्यासाला होतं आणि चपला फेकणाऱ्यांची नातवंडं त्यावर प्रबंध लिहीत होती. मावशीला त्याचं हसू यायचं. राग तर कधीच विरून गेला होता.

सिनेमाचं घोडंही नेमकं त्या दोन वाक्यांपाशीच अडलं होतं. विधवेचं काम करणारी मुलगी गुणी होती, पाठांतर चोख होतं; पण "वाईट वाटत नाही" म्हणताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. सकाळपासून हेच चाललं होतं. निर्माता कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. आणि पैसे घालणारा भित्रा असला की त्याला सगळे व्यवहारी म्हणतात.

"रडतेय तर रडू दे की," तो म्हणाला. "रडणारी विधवा लोकांना चालते. वाक्यच काढून टाक."

"वाक्य काढलं तर सिनेमा कशाला काढतोय आपण?" भाची म्हणाली.

"हे बघ, जेवणानंतर हा सेट मोडायचाय. तोवर तिला जमलं तर तुझं वाक्य राहील. नाही जमलं तर रडणं ठेवायचं. मग कुरबुर नको."

भाचीनं मान डोलावली. रडकुंडीला आली की ही पोर खालचा ओठ दातांत धरते, हे मावशी तिच्या लहानपणापासून पाहत आली होती. आत्ताही तिनं ओठ धरलाच. मग मावशीला खुर्चीत बसवेना. ती उठून त्या मुलीपाशी गेली.

मुलगी प्रेताशेजारी जमिनीवर बसून डोळे पुसत होती. "मावशी, तुम्ही कसं हो म्हणायचात? लोक अंगावर धावून यायचे म्हणतात. मी इथं नुसत्या कॅमेऱ्यापुढे लटपटतेय. एकदम एकटं वाटतं मला. तुमच्याएवढं धैर्य नाहीये माझ्यात."

हा धैर्याचा प्रश्न मावशीला जन्मभर विचारला गेला होता, आणि त्यावर नजर खाली करून गोड हसायचं हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. तेवढ्यावर तिनं दोन-चार सत्कारही निभावले होते. पण समोर ते प्रेत पडलेलं होतं. रबराचं. जिवंत माणसाचा श्वास कॅमेऱ्यात दिसतो, म्हणून सिनेमात रबराचं ठेवतात. चादर जरा सरकली होती आणि खालून पांढरट, थंड हात दिसत होता.

"धैर्य कसलं गं," मावशी म्हणाली. "माझा पाय धरला जायचा."

"कोण धरायचं?"

"प्रेत."

मुलगी रडायचं विसरली.

मग मावशीनं तिला सगळं सांगितलं. नवऱ्याचं काम करणारे गृहस्थ अख्खा शेवटचा अंक चादरीखाली पडून असत. म्हणून सगळी मंडळी त्यांना मयतराव म्हणत. ज्या दिवशी पहिल्यांदा चप्पल आली, त्या दिवशी मावशी विंगेकडे वळली होती. ती आत पळणार, इतक्यात चादरीखालून एक हात आला आणि त्यानं तिचा घोटा पकडला. प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बाजूनं, गच्च. ती थांबली आणि वाक्य म्हणाली. त्यानंतर प्रत्येक प्रयोगाला तो हात यायचाच. समीक्षकांनी लिहिलं, बाई जमिनीत रुतल्यासारखी उभी राहते. रुतेल नाहीतर काय करेल, मयतरावांनी पाय सोडला तर ना!

याबद्दल ती त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती. रोज दिसणाऱ्या माणसाचे आभार मानायचे असतात हे सुचतच नाही. मग नाटक बंद पडलं, मंडळी पांगली. अजून अधूनमधून फोन व्हायचे, पण त्यात गुडघे आणि मोतीबिंदू.

"ते रबर उचला इथून," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी झोपते."

आधी सगळे हसले. मग ती खरोखरच खाली बसू लागली तेव्हा धावपळ उडाली.

"मावशी, अगं तुझे गुडघे," भाची म्हणाली.

"गुडघ्यांना आज सुट्टी. झोपायचंच तर आहे."

"श्वास दिसेल, मावशी," कॅमेरामन म्हणाला.

"मग मला दाखवूच नकोस. तिचा चेहरा घे."

दोघांनी धरून तिला आडवं केलं आणि वर चादर ओढली. भाचीनं सूचना दिल्या, कॅमेरा सुरू झाला आणि सासरची माणसं ओरडू लागली.

चादरीखाली काही म्हणता काही दिसत नव्हतं. आवाज चहूकडून येत होते, कोणाचे तरी पाय डोक्याशेजारी आपटत होते. ही सगळी गरीब स्वभावाची माणसं, मघाशीच तिच्यासोबत चहा प्यायलेली. तरी मावशीनं अंग आक्रसून घेतलं. तिचा हात चाचपडत गेला, मुलीचा घोटा सापडला, आणि तिनं तो धरला. घोटा थरथरत होता. हा निसटला तर आपण इथं एकट्या उरू, असं तिच्या मनात आलं आणि तिनं पकड आणखी घट्ट केली. तेव्हा तिला मयतराव कळले.

हळूहळू घोटा स्थिर झाला.

"मला वाईट वाटत नाही," वरून आवाज आला. घरातलं मीठ संपलंय असं सांगावं इतका साधा. "आज कितीतरी वर्षांनी मला शांत झोप लागेल."

भाचीला "कट" म्हणायला जरा वेळच लागला. निर्मात्यानं हाताची घडी सोडली. "राहू दे वाक्य," तो म्हणाला, आणि सगळ्यांना जेवायला जायला सांगितलं. भाची मावशीच्या गळ्यात पडून रडली. रडली नाही ती एकटी नायिका.

"मावशी, तुमचे आभार कसे मानू?" ती म्हणाली.

"थांब, आधी मला एक फोन करू दे."

फोन मयतरावांच्या सुनेनं उचलला आणि त्यांना दिला.

"मयतराव, आहात ना?"

"आहे अजून. बोला, बाई."

"आज तुमचं काम मी केलं. सिनेमातली पोर सारखी रडत होती, म्हणून चादरीखाली झोपले."

"अरे वा. मुलगी रडली का?"

"नाही."

"मग जमलं तुम्हाला."

"मला भीती वाटली हो. जीव मुठीत धरून पडले होते. त्या पोरीचा पाय होता म्हणून निभावलं."

मयतराव हसले. "मग मला काय तिथं गाढ झोप लागायची? नेम तुमच्यावर धरायचे आणि चपला पडायच्या माझ्यावर. तुम्ही पळाला असतात तर मी काय केलं असतं? प्रेताला पळता येत नाही, बाई."

"आणि मी आजवर समजत होते, तुम्ही मला धीर देताय."

"मीही तसं समजू दिलं. तेवढाच रुबाब."

मावशीला हसू आलं आणि डोळेही भरले. "फार उपकार झाले तुमचे, मयतराव. इतकी वर्षं सांगायचं राहून गेलं."



"तुमचेही झाले, बाई," ते म्हणाले. "तुम्ही एकदाही पाय सोडवून घेतला नाहीत."