मुंबईकडचं टोक

राज्य आधी येणार की बाळ, यावर चाळीत पैजा लागल्या होत्या. राज्याची तारीख तरी ठरलेली होती, एक मे, रविवार. रखमाच्या बाळाचं तसं काही नव्हतं. नववा महिना कधीच भरला होता, पोट खाली उतरलं होतं, आणि ही बाई लालबागच्या त्या दुमजली चाळीच्या गॅलरीत हातात फडकं घेऊन अशी फिरत होती, की उद्याची मिरवणूक जणू तिच्याच दारातून सुटणार होती.

"तू त्याला आतून सांग ना, परवा ये म्हणून," सात वर्षांची सुली सकाळपासून तिच्या पाठीमागे लागली होती. "आज आलं तर आम्हाला शिवाजी पार्कला कोण नेणार?"

"परवा पण नको," चार वर्षांचा रघु म्हणाला. आईच्या कुशीतली जागा सोडायची त्याला काहीच घाई नव्हती.

रखमा हसली. तिला स्वतःलाच इतका आनंद झाला होता की तो ठेवावा कुठे हे कळत नव्हतं. खाली पोरं दोरीवर पताका चिकटवत होती, खळीचे हात एकमेकांच्या तोंडाला पुसत होती. कमलाबाईच्या खोलीतून बेसन भाजल्याचा वास सगळ्या मजल्यावर पसरला होता. गिरणीच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातून बाळंतपणाची रजा घेतल्यापासून रखमाला घर खायला उठायचं, पण आज घरात पाय ठरत नव्हता.

घरात सासू होती. आठ दिवसांपूर्वी म्हातारी मालवणाकडून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली, ती आळीव, डिंक, कुळीथ आणि पोतंभर नियम घेऊनच. त्यातला पहिला नियम असा, की बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही शिवायचं नाही. पहिलं अंगडं जुन्या, धुतलेल्या कापडाचंच.

"नवा कापड बाळाक टोचता," ती म्हणायची. "आणि देवाक वाटता, ही माणसा लयच उतावीळ झाली."

अडचण एकच होती. दिवसभर वारच्या वार कापड काढणाऱ्या माणसांच्या घरात जुनं कापड म्हणून काही उरत नाही. रखमाची लुगडी गोधड्यांत गेली होती, नवऱ्याची, गुणाजीची, धोतरं पोतेऱ्यात. म्हातारी आठ दिवस कापड शोधत होती. आज दुपारी रखमा खालून पाणी घेऊन वर आली, तर सासू खोलीच्या मधोमध बसलेली, मांडीवर कात्री, आणि पुढे अंगडी, टोपडी, लंगोट यांची चळत.

"बघ गो, किती मऊसूत! ट्रंकेच्या तळाक होता. वर लाल नक्षी पण आसा, बाळाक कशी शोभात!"

रखमाने वरचं अंगडं उचललं. पाठीवर मोठा लाल 'त्र' होता. दुसऱ्यावर अर्धा 'हा'. तिच्या हातातली कळशी खाली कशी आली ते तिला कळलं नाही.

तो चाळीचा फलक होता. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' छप्पन साली गुणाजीने गिरणीतून मांजरपाट आणला, रंगखात्यातल्या पक्क्या रंगात चाळीतल्याच जयवंतने अक्षरं काढली, आणि दोन्ही टोकांना काठ्या घालायच्या बाह्या शिवल्या जाईमावशीने, लाल दोऱ्याने, दुहेरी टाक्याने. मुंबईकडच्या टोकाची काठी तिच्या लेकाने, भिवाने, धरली होती. भिवा त्या मोर्चातून परत आला नाही. गोळीबारात गेला, वय वर्षं एकोणीस. फलक तेवढा परत आला. पुढे पोलीस खोल्या धुंडाळायला आले, तेव्हा रखमाने त्याची घडी करून तान्ह्या रघुखाली अंथरली होती. रघुने वेळेवर आपलं काम केलं आणि हवालदाराने नाक मुरडून ती घडी उचललीच नाही. तेव्हापासून फलक गुणाजीच्या ट्रंकेत, चाळीची अमानत म्हणून.

आणि उद्या तो निघायचा होता. राज्य मिळालं तरी मिरवणुकीत जुनाच फलक न्यायचा, असा जयवंतचा हट्ट होता. ज्याने लाठ्या खाल्ल्या त्याने लाडूही बघावेत, असं तो म्हणायचा. चाळीच्या समितीचा सगळा भार त्याच्याच आवाजावर होता.

पहिल्या पाळीवरून गुणाजी आला आणि त्याच्या मागोमाग फलक न्यायला जयवंत. गुणाजीने चळतीकडे पाहिलं आणि उंबऱ्यावरच बसला.

"आये, काय करून ठेवलंस गे हे!"

"माका काय म्हायत? मिया काय वाचूक शिकलंय? माका ती वेलबुट्टी दिसली!" म्हातारी रडकुंडीला आली.

"चार वर्षं पोलिसांना सापडला नाही," जयवंत कपाळावर हात मारून म्हणाला, "आणि तुझ्या आईला आठ दिवसांत सापडला!"

एरवी यावर चाळ खदखदून हसली असती. पण सगळ्यांच्या मनात जाईमावशी होती. ती तीन दारं सोडून राहायची. चाळीची सुईण ती, इथली निम्मी पोरं तिच्या हातांवर आलेली. भिवा गेल्यापासून ती कुठल्या सभेला गेली नव्हती. रस्त्यातून मोर्चा जायला लागला की दार लोटून घ्यायची. बोलणंही कामापुरतंच. गेल्या आठवड्यात जयवंत मिरवणुकीला येशील का म्हणून भीतभीत विचारायला गेला, तेव्हा ती म्हणाली होती, "येईन. पण तोच फलक पाहिजे, माझ्या हातचा. आणि मुंबईकडची काठी मी धरणार."

"नवं कापड आणतो, संध्याकाळपर्यंत रंगवतो," जयवंत म्हणाला. "तिला काय कळतंय?"

"स्वतःच्या हातची शिवण कळणार नाही तिला?" रखमा उसळली. पोटातल्या बाळानेही आतून एक लाथ मारली. "चार वर्षांनी ती बाई मिरवणुकीत येणार, आणि आपण तिला खोटं टोक धरायला देणार? सुया काढा. कापलंय ते जोडायचं."

मग काय विचारता. दार लोटून घेतलं, कमलाबाई बेसनाचे हात धुऊन आली, आणखी दोघी सुई-दोरा घेऊन आल्या, आणि अंगडी उसवून फरशीवर मांडायला सुरुवात झाली. सुलीच्या बाहुलीच्या कमरेचा लंगोट काढून घेतला, तेव्हा तिने भोकाड पसरलं. रघुच्या डोक्यावरून टोपडं ओढलं, त्यावर 'पा' निघाला.

"'त्र' कुठाय? आत्ता तर इथे होता!"

"अवो, उठा! तुम्हीच बसलाय त्याच्यावर!"

गुणाजी दचकून उठला. आता मात्र हसू कुणालाच आवरेना. म्हातारीही डोळे पुसत सुईत दोरा ओवायला लागली, आणि अक्षर कुठल्या बाजूने वर हे दर वेळी सुलीला विचारू लागली. आपल्याला वाचता येतं याचा सुलीला इतका गर्व चढला की ती बाहुलीचं दुःख विसरली. एकेक शब्द पुरा होत होता. 'पाहिजे' झाला. 'महाराष्ट्र' झाला, जरा वाकडा, पण झाला. रखमा पाय पसरून बसली होती आणि तिचा हात गिरणीतल्यासारखा चालला होता. होणार, सगळं होणार, असं तिला वाटायला लागलं.

"आता फक्त मुंबई राहिली," कमलाबाई म्हणाली.

"ता मिया कापूक नाय," सासू म्हणाली. "टोकाचो तुकडो तसोच ठेवलंय. दुपटा केलंय त्याचा. बाळंतपणाच्या गाठोड्यात आसा."

"द्या इकडे," असं म्हणून रखमाने हात पुढे केला आणि तो तिथेच राहिला. कळ कमरेतून निघून गुडघ्यापर्यंत गेली. तिने ओठ मिटून घेतले आणि पुन्हा सुई धरली. दुसरी कळ आली तेव्हा सुई हातातून पडली.

सासूने एकदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं. "पुरुषांनी भायर व्हा. कोणतरी जाईक बोलवा."

सगळ्यांचे हात थांबले.

"तिला नको," रखमा दात आवळून म्हणाली. "आधी हे जोडू दे. थोडं थांबा."

"थांबा? ता काय तुझ्या समितीचा ऐकतला?"

जाईमावशी आली ती पदर खोचूनच. फलक कसाबसा गुंडाळून पलंगाखाली सारला होता. कमलाबाई त्याच्यापुढे पातेलं घेऊन उभी राहिली. मावशीने इकडेतिकडे बघितलंही नाही. तिने पाणी तापवायला सांगितलं, रखमाच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "भिऊ नकोस. रघुपेक्षा लवकर सुटशील."

तसंच झालं. रस्त्यावरचे दिवे लागायच्या आत खोलीत तो पहिला टाहो उठला, आणि बाहेर गॅलरीत अख्ख्या मजल्याने एकदम श्वास सोडल्याचं रखमाला ऐकू आलं.

"मुलगी आहे. चांगली दणकट आहे," मावशी म्हणाली आणि मागे न बघता हात पुढे केला. "जुनं कापड द्या."

सासूचा हात सवयीने गाठोड्यात गेला. रखमाने ते पाहिलं. ओरडावं असं तिच्या मनात आलं, पण अंगात आवाजच उरला नव्हता. दुपटं मावशीच्या हातात गेलं, बाळाभोवती गुंडाळलं गेलं, आणि मग मावशीचा अंगठा कडेच्या बाहीवर थांबला. ती शिवण तिने एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने चाचपली.

"ही शिवण माझी आहे," ती म्हणाली.

रखमाला रडूच फुटलं. रडत रडत तिने सगळं सांगितलं, ट्रंक, कात्री, लाल नक्षी, सगळं. "बाकीचा जोडलाय मावशी. आईची काही चूक नाही, तिला वाचता येत नाही. हे पण आत्ता जोडते. सोडा ते तिच्या अंगावरचं, दुसरं काहीतरी गुंडाळा."

मावशीचा अंगठा बाहीवरच राहिला. ती बाळाकडे बघत राहिली. बाळाने त्या बाहीत एक मूठ खुपसली होती आणि तोंड मिटून स्वस्थ झालं होतं.  आता मावशी उठून जाईल, पुन्हा दार लोटून घेईल आणि या वेळी ते उघडणारच नाही, असं रखमाला वाटलं.

"भिवालाही मी पहिल्यांदा जुन्याच लुगड्यात घेतला होता," मावशी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. चार वर्षांत चाळीने तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती आज रडली, बाळ छातीशी धरून, मोकळी होईपर्यंत. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि दुपट्याचं टोक बाळाच्या हनुवटीखाली नीट खोचलं.

"राहू दे हे. आता काढलं तर तिला थंडी वाजेल."

वैशाखाचा उकाडा होता. खोलीतल्या प्रत्येकीच्या पाठीवरून घाम निथळत होता. पण थंडी कसली, असं कुणी विचारलं नाही.

दार उघडल्यावर सुली आणि रघु धावत आत आले. रघुने बहिणीला बराच वेळ निरखून पाहिलं. "हिला परवा पण नको सांगितलं होतं ना?" तो म्हणाला, आणि तिची मूठ बाहीतून सोडवता येते का ते बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीचं अंगण माणसांनी भरलं. लेझीमवाले आले, ताशा गरम करून झाला, गुलाल उधळायच्या आधीच पोरांच्या तोंडाला लागला. सुलीने गुणाजीचा हात धरला होता आणि रघु त्याच्या खांद्यावर होता. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, असं सासूने बजावलं होतं. पण रखमा बाळाला घेऊन उठली, तेव्हा तीच पाठीला हात देऊन तिला गॅलरीच्या कठड्यापर्यंत घेऊन आली.

खाली जयवंतने फलक उघडला. टाके वाकडेतिकडे होते, 'महाराष्ट्र' एका बाजूला कलला होता, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. डावीकडे मात्र कापड एकदम संपलं होतं. तिथे ना बाही होती ना काठी. जाईमावशी ती कापलेली कड मुठीत धरून उभी होती.

जयवंतने वाचायला सुरुवात केली आणि त्याचा चेहरा उतरला. "मावशी, मुंबई कुठाय? अहो, जिच्यासाठी एवढी वर्षं भांडलो, तीच नाही फलकावर!"

"मुंबई वर आहे," जाईमावशी म्हणाली. "रखमाच्या हातांवर. आत्ताच डोळा लागलाय तिचा, ओरडू नकोस."

सगळ्या माना वर वळल्या. रखमाने बाळाला थोडं उंच धरलं, तशी दुपट्यावरची लाल अक्षरं सगळ्यांना दिसली.  जयवंतने ताशेवाल्याला हाताने थांबायची खूण केली. घोषणा देऊन देऊन ज्यांचे गळे कायमचे बसले होते अशी ती माणसं फलकामागून निघाली आणि चपला न वाजवता, एकमेकांना शू शू करत अंगणाबाहेर पडली.

रखमा बघत राहिली. कड मुठीत धरलेली जाईमावशी सर्वांच्या पुढे चालत होती. मिरवणूक कोपऱ्यावर पोचली, वळली, दिसेनाशी झाली. आणि मग तिकडून घोषणा उठली. पहिला आवाज जाईमावशीचा होता.