चिमणाबाईंचं प्रतिज्ञापत्र

पोलीस आले तेव्हा स्नेहल गोठ्यात धार काढत होती. फौजदारांनी दारातूनच विचारलं, "मोर्जिना खातून कोण?"

चिमणाबाई सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. हे नाव त्यांनी बारा वर्षांपूर्वी एकदाच ऐकलं होतं आणि पुन्हा तोंडातून काढायचं नाही म्हणून सुनेला बजावलं होतं. असं इथं कुणी राहत नाही, असं त्या म्हणाल्या. पण तेवढ्यात गोठ्यात चरवी खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि स्नेहल पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांनी आपल्या नावानं कुणी हाक मारली, म्हणून ती आली. खोटं बोलायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

हातकणंगल्यापासून सहा-सात किलोमीटरवर हे गाव. चिमणाबाईंचा नवरा केरबा लवकर गेला. त्यांचा एकुलता मुलगा विजयसिंह. तीन एकर ऊस, दोन म्हशी, स्वतःचं घर. तरी पोराला पोरगी मिळेना. सांगून आलेल्या प्रत्येक पोरीला नोकरीवाला पाहिजे होता, पुण्यात फ्लॅट पाहिजे होता. विजयसिंहानं तिशी गाठली तेव्हा सीमाभागातला एक एजंट घरी आला. कोलकात्याकडची पोरगी आहे, आईबाप नाहीत, अठरा पूर्ण आहेत, असं त्यानं सांगितलं. चिमणाबाई मिरजेला जाऊन पोरगी बघून आल्या. तिला साडी नेसवून बसवलं होतं, पण साडीतून बाहेर आलेले हात शाळकरी पोरीचे होते. चिमणाबाईंनी ते बघितलं आणि घरात आली की होईल मोठी, अशी मनाची समजूत घातली. एजंटाला पैसे दिले. देवळात लग्न लागलं. ताटातल्या तांदळात विजयसिंहानं अंगठीनं ‘स्नेहल’ हे नाव लिहिलं. त्या पोरीला ते वाचता येत नव्हतं.

बोलायला तिला चिमणाबाईंनीच शिकवलं. आधी चूल, पाणी, मीठ, वैरण हे शब्द. मग शेजारणीला उत्तर कसं द्यायचं ते. वर्षभरात स्नेहल गावातल्या बायकांपेक्षा मोठ्या आवाजात आणि रोखठोक बोलायला लागली. लेकीच्या, तेजस्वीच्या वेळी पोटुशी असताना तिला ताप भरला आणि त्या तापात तिनं सासूला सगळं सांगून टाकलं. तिचं गाव कोलकात्याकडं नव्हतंच, खुलना जिल्ह्यात, बांगलादेशात होतं. आई होती, धाकटा भाऊ होता. गावातली एक बाई शिलाईच्या कारखान्यात काम देते म्हणून तिला घेऊन निघाली आणि हद्दीच्या अलीकडं आल्यावर एका माणसाच्या हाती देऊन परत गेली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आणि तिचं नाव मोर्जिना होतं.

चिमणाबाई तिच्या कपाळावरची पट्टी बदलत म्हणाल्या, "सांगितलंस ते सांगितलंस. आता हे परत काढायचं न्हाय. तू माझी हाईस, बास."

विजयसिंहालाही त्यांनी नंतर सांगितलं. मग लेक झाली आणि तो विषय घरात कुणी काढला नाही.

एजंट शेजारच्या जिल्ह्यात दुसऱ्याच एका प्रकरणात सापडला आणि त्याच्या मोबाईलमध्ये त्यानं आणलेल्या पोरींची यादी निघाली. त्या यादीवरूनच पोलीस स्नेहलपर्यंत पोचले होते. स्नेहलचं आधार कार्ड त्यानंच खोट्या जन्मदाखल्यावर काढून दिलं होतं. एजंटाला लवकर जामीन मिळाला. स्नेहलला मिळाला नाही. विनापरवाना देशात शिरणं आणि खोट्या कागदावर राहणं, असे तिच्यावरचे आरोप होते.

तालुक्याच्या कोर्टात तिला सरकारतर्फे एक वकील दिला होता. तो घाईत असायचा. गुन्हा कबूल कर, म्हणजे लवकर सुटशील आणि तुला घरी पाठवतील, असं त्यानं तिला सांगितलं. घरी म्हणजे म्हशींच्या घरी, असं ती समजली. न्यायाधीशांपुढं तिनं मान हलवून गुन्हा कबूल केला. सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्यातली बरीचशी आत आधीच भोगून झाली होती.

शिक्षा संपली त्या दिवशी विजयसिंह तेजस्वीला घेऊन कोल्हापुरात तुरुंगाच्या फाटकाशी सकाळपासून उभा होता. पोरीनं आईसाठी गजरा आणला होता. दुपारी आतून निरोप आला की तिला सोडता येणार नाही. शिक्षा संपली तरी ती परदेशी आहे, आणि ते तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. परत पाठवायची तजवीज होईपर्यंत ती पोलिसांच्या ताब्यात राहील.

तेव्हा गावच्या दूध डेअरीच्या सेक्रेटरीनं त्यांना फरहीन वकिलांचा पत्ता दिला. मंगळवार पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. वय पस्तीसच्या आसपास, बोलणं हळू. त्यांनी सगळे कागद दोनदा वाचले. हायकोर्टाचं बेंच आता कोल्हापुरातच सुरू झालंय, मुंबईला खेपा घालाव्या लागणार नाहीत, एवढंच त्या धीराचं बोलल्या. विजयसिंहाच्या नावानं अर्ज दाखल झाला. त्यात त्यानं बायको लग्नाच्या वेळी अठरा पूर्ण होती आणि स्वखुशीनं आली होती, असं लिहून दिलं. खरं काय ते वकिलांना नंतर स्नेहलला भेटल्यावर कळलं.

मंगळवारी सुनावणी झाली. सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या त्या जुन्या इमारतीत चिमणाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. फरहीन वकिलांनी सांगितलं की ही बाई स्वतःहून आलेली नाही, फसवून आणलेली आहे. अशा बाईला गुन्हेगार धरू नये, आधी चौकशी करावी, असं सरकारचंच परिपत्रक आहे. न्यायमूर्तींनी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की फसवून आणल्याचं अर्जात कुठं आहे? नवरा तर म्हणतो स्वखुशीनं आली. तसं असेल तर प्रतिज्ञापत्रावर सांगा. सोमवारची तारीख दिली. त्याआधी प्रतिज्ञापत्र आणलंत तर त्याच दिवशी ऐकू, असंही म्हणाले. नुसत्या तोंडी बोलण्यावर परत पाठवायला स्थगिती देता येणार नाही.

संध्याकाळी ऑफिसात फरहीन वकिलांनी मायलेकांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. "मावशी, ती सोळाची होती हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही एजंटाला पैसे दिले, हे तुम्ही लिहून दिलं तर ती वाचायची आशा आहे. पण मग तुमच्यावर केस होईल. विजयसिंहांवरही होईल."

घरी आल्यावर विजयसिंह म्हणाला, "आई, आपण दोघं आत गेलो तर तेजूला कोण बघणार?"

तो वाईट माणूस नव्हता. जेलच्या फाटकाशी तो सहा तास उभा राहिला होता. पण त्यानं लेकीचं नाव काढलं आणि चिमणाबाई उठून चुलीकडं गेल्या. बुधवार तसाच गेला. वकिलांचा फोन दोनदा आला. विजयसिंहानं उचलला नाही आणि चिमणाबाईंनी उचल म्हणून सांगितलं नाही. उसाला पाणी द्यायचं होतं, त्यानं ते दिलं. त्यांनी भाकऱ्या थापल्या.

गुरुवारी चिमणाबाईंना सुनेला भेटायची परवानगी मिळाली. त्या एकट्याच गेल्या. स्नेहल वाळली होती. तिनं आधी तेजूच्या केसांचं विचारलं, मग म्हैस व्याली का ते. रेडी झाली म्हटल्यावर हसली. चिमणाबाई प्रतिज्ञापत्राचा विषय काढायला धजत नव्हत्या. पण वकीलबाई तिलाही भेटून गेल्या होत्या. थोड्या वेळानं स्नेहलनंच विचारलं.

"आत्ती, मिरजंला मला बघायला आलतासा, तवा मी ल्हान हाय हे तुमाला कळलं हुतं न्हवं?"

चिमणाबाईंनी बाहेरच्या झाडाकडं बघितलं. "व्हय. कळलं हुतं."

"मग तेवढं सांगा की."

तिच्या आवाजात राग नव्हता. घरातलं काही राहिलंय ते बाजारातून आणा म्हणावं, तशी ती म्हणाली. तेरा वर्षांत तिनं सासूकडं आपण होऊन मागितलेली ही पहिली गोष्ट होती. चिमणाबाईंना परतीच्या एसटीत ते आठवत राहिलं. तिनं कधी बांगडी मागितली नव्हती, माहेर मागितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी विजयसिंहाला सांगितलं की मी चालले, तुला यायचं तर ये. तो आला नाही. ऑफिसात फरहीन वकिलांनी एकेक प्रश्न विचारून सगळं लिहून घेतलं. चिमणाबाईंनी काही लपवलं नाही. ते शाळकरी हात, घातलेली समजूत, दिलेले पैसे, तापातलं बोलणं. टाइप व्हायला, नोटरी मिळायला दुपार झाली. बचत गटात शिकलेली सही त्यांनी सावकाश केली. कागद दाखल झाला तेव्हा कोर्ट उठून गेलं होतं. शनिवार-रविवार सुट्टी. वकिलांनी त्याची प्रत पोलिसांकडं पाठवली आणि सोमवारपर्यंत थांबा म्हणून विनंतीचं पत्र जोडलं. त्या पत्राची पोच आली, उत्तर आलं नाही.

सोमवारी न्यायमूर्तींनी प्रतिज्ञापत्र वाचलं. वाचून झाल्यावर चिमणाबाई आल्या आहेत का, असं विचारलं. त्या उभ्या राहिल्या. बसा म्हणाले. या बाईला पुढच्या आदेशापर्यंत देशाबाहेर पाठवू नये, असं त्यांनी सांगितलं आणि ती आत्ता कुठं आहे ते सरकारी वकिलांना विचारलं. सरकारी वकील फोन करायला बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. पोलिसांचं पथक शनिवारी सकाळच्या गाडीनं तिला पुण्याला घेऊन गेलं, तिथून पुढं विमानानं गेलं आणि काल संध्याकाळी तिला हद्दीपलीकडं सोडण्यात आलं, असं त्यांनी सांगितलं.

चिमणाबाईंना हे बोलणं सगळं कळलं नाही. त्यांनी फरहीन वकिलांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मग कळलं.

बुधवारी सही केली असती तर बुधवारीच स्थगिती मिळाली असती. हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नाही. वकिलांनीही नाही. विजयसिंह त्या संध्याकाळी रानातून उशिरा आला आणि जेवला नाही. पुढं कितीतरी दिवस तो आईशी कामापुरतंच बोलायचा. चिमणाबाईंना वाटलं, सही केली म्हणून त्याला राग आलाय. एकदा त्यांनी तसं विचारलं. तो म्हणाला, "तुजा कशाला राग येईल. मी फोन उचलला न्हाय."

खटला चालत राहिला. जानेवारीत निकाल आला. स्नेहल उर्फ मोर्जिना ही गुन्हेगार नसून फसवणुकीची बळी आहे, तिला पाठवण्यात घाई झाली, तिला परत आणण्यासाठी सरकारनं पावलं उचलावीत, असं त्यात लिहिलं होतं. आपण जिंकलो, असं फरहीन वकील म्हणाल्या.

"मग ती कवा येनार?" चिमणाबाईंनी विचारलं.

फरहीन वकिलांनी चष्मा काढला आणि पुसला. मग खरं ते सांगितलं. इकडून व्हिसा द्यायला तिच्याकडं तिकडचा पासपोर्ट पाहिजे. पासपोर्टला जन्माची नोंद पाहिजे. नोंद कधी झालीच नव्हती. तिची आई चार वर्षांपूर्वी वारली होती. भावानं दोन दिवस ठेवून घेतलं, मग जागा नाही म्हणाला. आता ती एका लांबच्या मावशीकडं राहून कोळंबी सोलायच्या कारखान्यात जात होती. तिथल्या बायका तिला हसायच्या, कारण ती बंगाली बोलता बोलता मध्येच मराठी बोलायची.

चिमणाबाईंवर आणि विजयसिंहावर तालुक्याच्या कोर्टात केस उभी राहिली. त्यांच्याच प्रतिज्ञापत्रावरून. दोघांना जामीन मिळाला. तारखेला चिमणाबाई वेळेच्या आधी जाऊन बसायच्या. गावात बायका वेगवेगळं बोलायच्या. काहींनी हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. चिमणाबाईंनी त्याची दखल घेतली नाही. न्यायाधीशांनी विचारलं तर गुन्हा कबूल करायचा, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. फरहीन वकिलांनी त्यांना तसं करू नका म्हणून परोपरीनं सांगितलं.

स्नेहलचा फोन रविवारी यायचा. तेजस्वी तिला शाळेचं सांगायची, विजयसिंह नुसता हूं हूं करायचा. होळीच्या आधी एका दुपारी तेजस्वी शाळेतून लवकर घरी आली आणि दप्तर न काढता न्हाणीत जाऊन बसली. चिमणाबाई आत गेल्या. पोरगी घाबरून रडत होती, स्कर्टला मागं रक्ताचा डाग होता. मला काय झालंय म्हणाली. आणि मग म्हणाली, मम्मीला फोन लाव.

रविवार नव्हता. स्नेहल कारखान्यात होती. तरी फोन लागला. चिमणाबाईंनी दोन शब्दांत सांगितलं आणि फोन पोरीच्या कानाला लावला. आतून यंत्राची घरघर येत होती आणि त्यावरून स्नेहलचा मोठा, गावाकडचा आवाज. भिऊ नको गं बाळा, मला पण असंच झालतं. आज्जीला म्हणावं कपाटात खालच्या खणात धुतलेली... एवढंच ऐकू आलं आणि फोन तुटला. तेजस्वीनं परत लावला. परत लावला. पलीकडं घंटी वाजेना.

चिमणाबाईंनी तिच्या हातातून फोन हळूच काढून घेतला. कपाटाचा खालचा खण उघडला. स्नेहलच्या दोन सुती साड्या धुऊन, घडी घालून ठेवलेल्या होत्या. त्यातली एक त्यांनी काढली. मग बंबात पाणी तापत ठेवलं आणि नातीची वेणी सोडायला घेतली.