हामानोंच्या दुकानातली चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. लाकडाची नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. माझ्यात जे लिहाल, ते हामानोंच्या टोफूच्या दुकानाच्या वेबसाइटवर दिसते.

मला घडवणारा हुशार होता, पण त्याने मला स्वतःसारख्यांसाठीच घडवले. साध्या शब्दांभोवती कंस आणि चिन्हे भरली. एक चिन्ह पुसले गेले की सारे पान मोडे. दुकानाच्या मालकीणबाई सुमिए मात्र जिद्दीने शिकल्या. ओले हात एप्रनला पुसून त्या रोज माझ्यापुढे बसत. गिऱ्हाइके त्यांचे कौतुक करत आणि मी फुगत असे. मला वाटे, मी अवघड आहे म्हणजे मोठी आहे.

गेल्या ऑक्टोबरात त्यांनी नववर्षाच्या शुभेच्छा लिहून त्या आपोआप दिसाव्यात म्हणून एक जानेवारीची तारीख लावून ठेवली. "डिसेंबरात मान वर करायला फुरसत नसते," त्या म्हणाल्या. नोव्हेंबरात त्या वारल्या.

आमच्या जपानात ज्या घरात माणूस गेले, ते घर त्या नववर्षाला शुभेच्छा देत नाही. त्यांचे यजमान तोकुझो यांनी तशी पत्रेही सर्वांना धाडली. मग ते माझ्याकडे आले. एका बोटाने शोधत त्यांनी ती ओळ पुसली, पण सोबत एक कंसही गेला. मी लाल अक्षरांत ओरडले, 'चूक, ओळ एक्केचाळीस!' घाबरून त्यांनी बदल न जपताच मला बंद केले.

"सुमिए, हे तू कसं गं करायचीस?" ते पुटपुटले.

एक तारखेला शुभेच्छा झळकल्या. खाली सुमिएंचे नाव.

चार तारखेला दुकान उघडले. शेजारच्या कुवाबाराबाई टोफू न्यायला पातेले घेऊन आल्या.

"हामानोसान, राग मानू नका. पण सुमिएसान आम्हाला शुभेच्छा देतायत हो!"

"मला काढता आल्या नाहीत."

"चाळीस वर्षं टोफू न मोडता कापताय, आणि एक ओळ पुसता येईना?"

तोकुझो कमरेत वाकले. "चुकलो. माफ करा." बराच वेळ त्यांनी मान वर केलीच नाही. चूक माझी होती, आणि वाकले ते.

"अहो, मान वर करा हो! जळली माझी जीभ. आमची लेक नागिसा सुट्टीला घरी आलीय, संगणकाची असलीच कामं करते ती. पाठवते."

नागिसा आली. "काका, मी काढून टाकू?"

"नको. मलाच काढायचंय."

"बरं. रोज काय बदलावं लागतं तुम्हाला?"

"आज काय आहे, काय संपलं, सुट्टी कधी."

"एवढंच?"

"एवढंच."

संध्याकाळपर्यंत तिने माझी सारी चिन्हे आत दडवली. आता शब्दावर बोट ठेवायचे, लिहायचे आणि 'दाखवा' दाबायचे. शेजारी दुसरी कळ, 'पहिल्यासारखे करा'. रोज काय बदलावे लागते, हे बारा वर्षांत सुमिएंना कुणी विचारले नाही, आणि मीही कधी लाजले नाही.

"आणि चुकलं तर?"

"चुकू द्या. हे दाबलं की सगळं परत येतं."

"सगळं नाही येत," तोकुझो म्हणाले.

त्यांनी शुभेच्छा पुसल्या आणि लिहिले, 'सुमिए नोव्हेंबरात गेली. शुभेच्छा चुकून राहिल्या, क्षमा असावी. मऊ टोफू तयार आहे.'

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्यासारखे काही घडवाल. तेव्हा ज्याला ते वापरायचे आहे, त्याच्याजवळ आधी बसा. तुमच्या हुशारीपायी कुणाला गिऱ्हाइकापुढे वाकायला लावू नका.

तोकुझो आता रोज पहाटे हात पुसून माझ्यापुढे बसतात. मी सोपी झाले आहे. पण त्यांच्यापुढे मान वर करण्याची हिंमत मला अजून होत नाही.