बाविसावी ताटली

"लमीनकाका, हा चौकोन एवढा कोरा का?" ओल्फाने नकाशावर पेन्सिल टेकवली.

नगरपालिकेच्या सभागृहात चार टेबलं जोडून नकाशा पसरला होता. बंद पडलेल्या खत कारखान्याची सगळी जागा त्यावर रंगवलेली होती. लाल म्हणजे माती उकरून न्यायची, पिवळं म्हणजे वरून झाकायचं, हिरवं म्हणजे बाग. ओल्फा या कामावरची इंजिनियर, लमीनच्या धाकट्या मुलीच्या वयाची. लमीनने त्या कारखान्यात एकतीस वर्षं डंपर चालवला होता. कारखान्याची कागदपत्रं कुठे गेली ते कोणालाच माहीत नव्हतं आणि बाकीचे डंपरवाले कबरस्तानात होते. म्हणून रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, रोजाच्या कोरड्या तोंडाने, लमीन बोटाने जागा दाखवत बसला होता. आम्लाचा खड्डा, राखेचा ढीग, गाळाचं तळं. त्याला सगळं आठवत होतं. आठवायला दुसरं फारसं काही नव्हतंच.

कोरा चौकोन म्हणजे त्याची गल्ली.

"तिथे घरं आहेत," तो म्हणाला.

"ते दिसतंय हो. खाली काय आहे?"

"खाली काय असणार?"

"काका, कोरं राहिलं तर आम्ही ते स्वच्छ धरतो. मग गल्लीच्या टोकाला मुलांचं मैदान येईल. बघा, आखलंय पण."

लमीनने मैदानाच्या रेघांवरून बोट फिरवलं. आदल्या संध्याकाळी शेजारचा हेदी भिंतीवरून म्हणाला होता, "उद्या खड्डे दाखव हवे तेवढे. पण गल्लीबद्दल तोंड उघडलंस तर तुझ्या जनाज्याला चार खांदे मिळायचे नाहीत, सांगून ठेवतो." हेदी कारखान्यातला फिटर, चाळीस वर्षांचा दोस्त. धमकी देऊन झाल्यावर त्याने त्याच भिंतीवरून रोजा सोडायला मूठभर खजूर दिले होते.

गल्ली मुळात खाऱ्या दलदलीवरची. कामगारांना तिथे जागा मिळाल्या, पण पाया धरेना. तेव्हा लमीननेच शक्कल लढवली. खत करून उरलेल्या पांढऱ्या चोथ्याचा कारखान्यामागे डोंगर झाला होता. पिठासारखा मऊ, आणि पाणी मारून ठोकला की दगडासारखा घट्ट. पाळी संपली की लमीन एक खेप गल्लीत आणून ओतायचा आणि मुकादम काणाडोळा करायचा. एकेक करत तेवीस घरं त्याने अशी दलदलीतून वर उचलली, पहिलं स्वतःचं. बाया त्याला दुवा द्यायच्या. त्याची जोहरा त्या पांढऱ्या अंगणात मिरच्या वाळवायची, उन्हाळ्यात तिथेच चटई टाकून झोपायची. अंगणातलं पावसाचं पाणी खालच्या टाकीत उतरायचं आणि वर्षभर तेच प्यायला असायचं. तीन वर्षांपूर्वी जोहरा मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेली. चोथ्यामुळे गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. लमीनने विचारलंच नव्हतं.

"पांढरा चोथा," तो म्हणाला. "तेवीसच्या तेवीस घरांखाली."

ओल्फाने मान वर केली. "किती खोल?"

"अर्धा हात."

"सगळीकडे सारखा?"

"सारखाच." हे म्हणताना त्याने नकाशाकडे पाहिलं नाही.

"इतकं नक्की कसं सांगता?"

"मीच ओतला ना."

तिने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "काका, त्या चोथ्यात विष आहे. घरं रिकामी करावी लागतील. दुसरी जागा देतील, पण कुठे ते मला आत्ता नाही सांगता येणार."

"बरं. माझ्या घरापासून सुरू कर."

तिने लाल पेन्सिल घेतली. लमीनला वाटलं होतं, रडू येईल, निदान हलकं तरी वाटेल. दोन्ही झालं नाही. लाज तेवढी वाटत होती, पण तिचीही आता सवय झाल्यासारखी.

दोन दिवसांनी माणसं येऊन भिंतींवर लाल आकडे रंगवून गेली; लमीनने अर्धा हात चोथा सांगितल्याचंही त्यांच्याकडूनच गल्लीला कळलं. त्यानंतर गल्लीत त्याला कोणी सलाम केला नाही. मशिदीत त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक माणसाची जागा रिकामी राहू लागली. त्याने मनावर घेतलं नाही. मनावर काही घ्यावं असं त्याला हल्ली होतच नव्हतं.

ईदच्या सकाळी त्यांच्या स्फाक्स शहरात खारवलेला मासा आणि त्यासोबत कांदा-मनुकांचा दाट रस्सा, शरमूला, लागतोच. घरोघर ताटल्या जातात, आणि आलेली ताटली कोणी रिकामी परत पाठवत नाही. जोहरा गेल्यापासून लमीन नुसता घेणारा झाला होता. या ईदला त्याने दोन दिवस चुलीपाशी बसून स्वतः शरमूला केला. बाजारातून बाटलीचं पाणी आणून केला. कांदा थोडा करपला, जोहराने नावं ठेवली असती. बावीस ताटल्या भरून तो बावीस दारांशी गेला. बहुतेक दारं उघडली नाहीत, तिथे त्याने उंबऱ्यावर ठेवल्या.

दुपारपर्यंत ताटल्या परत आल्या. कोणी दार वाजवलं नाही. धुऊन, पुसून, एकात एक घालून पायरीवर ठेवलेल्या. सगळ्या रिकाम्या. त्याने त्या आत नेऊन फळीवर लावल्या. मोजल्या तर एकवीसच.

बाविसावी घेऊन ऊन कलल्यावर हेदी आला. ताटलीवर फडकं होतं. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"घे तुझी ताटली."

लमीनने फडकं उचललं. आत पांढऱ्या चोथ्याचं ढेकूळ होतं, खालून ओलसर.

"काल स्वयंपाकघरातली फरशी फोडली," हेदी म्हणाला. "म्हटलं, तुला चारचौघांत खोटा पाडावा. खणलं, काठी घालून मोजलं. अर्धा हात म्हणे! दीड हात आहे माझ्याकडे, गाढवा."

"तुझ्याकडे दोन खेपा जास्त टाकल्या होत्या."

"का?"

"दोस्त म्हणून."

हेदी त्याच्याकडे बघत राहिला. "मग तिथे सगळीकडे सारखाच का सांगितलंस?"

"लाज वाटली."

"नात रांगते माझी त्या फरशीवर." हेदीचा आवाज चढला नाही. जायला वळला आणि पुन्हा थांबला. "त्या इंजिनियर पोरीला सांग. आमच्या घरापुढे दीड हात लिही म्हणावं."

"सांगतो."

"आणि कांदा करपला होता."

तो गेल्यावर लमीनने ताटली आत नेली आणि एकवीस रिकाम्या ताटल्यांशेजारी ठेवली. मग शेजारून आलेल्या जेवणावर घालावं तसं त्याने तिच्यावर फडकं नीट घातलं.